डबल्ससाठी रॅकेट निवडताना: नव्याने खेळायला लागलेल्यांसाठी

सकाळी सहाला कुठल्याही बॅडमिंटन हॉलवर जा. प्रत्येक कोर्टावर चार माणसं खेळत असतात आणि बाहेर बाकावर आणखी चार जण बुटांच्या नाड्या बांधत आपल्या नंबराची वाट बघत असतात. कोर्टाचं भाडं सहा-आठ जणांत वाटून घ्यायचं म्हटल्यावर सिंगल्स खेळणार कोण? आपल्याकडे हौशी बॅडमिंटन म्हणजे जवळपास नेहमी डबल्सच. तरीही दुकानात गेलं की आपण विचारतो, "स्मॅशला चांगली कुठली?" आणि दुकानदार जड डोक्याची, कडक शाफ्टची (म्हणजे हँडल आणि फ्रेम जोडणाऱ्या दांडीची) रॅकेट काढून समोर ठेवतो.

माझी पहिली चांगली रॅकेट मी अशीच घेतली. स्मॅश बरा बसायचा, पण समोरून अंगावर आलेलं फूल (शटल) अडवायला रॅकेट वेळेवर यायची नाही. नेटजवळ तर एक ड्राइव्ह, म्हणजे सपाट वेगवान फटका, परतवला की दुसरा खांद्यावरून निघून गेलेला असायचा. दोन महिन्यांत कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. चहाचा कप उचलतानाही कळ यायची. फिजिओथेरपिस्टनी हात तपासायच्या आधी विचारलं, "रॅकेट कुठली वापरता?" सहा आठवडे खेळ बंद राहिला. परत आलो तेव्हा जोडीदाराने त्याची जुनी, हलकी रॅकेट हातात दिली आणि पहिल्याच गेममध्ये फरक कळला. फटक्याचा जोर थोडा कमी झाला होता, पण फुलापर्यंत मी पोचत होतो.

म्हणून डबल्सची रॅकेट निवडताना मी एकच प्रश्न आधी विचारतो: एक फटका मारून झाल्यावर ती पुढच्या फटक्यासाठी किती लवकर पुन्हा छातीसमोर येते? खाली जे काही लिहिलं आहे ते याच प्रश्नाभोवती आहे.

डबल्सचा खेळ वेगळा का पडतो

डबल्सचं कोर्ट ६.१ मीटर रुंद असतं, सिंगल्सचं ५.१८. ही रुंदी सगळ्यांच्या लक्षात येते. सर्व्हिसचा चौकोन मात्र डबल्समध्ये मागच्या बाजूने ७६ सेंटिमीटरने आखूड असतो, याकडे फार थोडे जण बघतात. त्यामुळे उंच आणि लांब सर्व्हिस टाकायला जागा उरत नाही, मागे उभा असलेला खेळाडू ती सरळ मारून काढतो. मग सर्व्हिस नेटला चाटून जाणारी, परतीचा फटका सपाट, आणि तिसऱ्या-चौथ्या फटक्याला कुणीतरी अंगावर मारतं. फूल बराच वेळ छाती ते डोकं एवढ्याच उंचीत फिरत राहतं. लांब हात फिरवायला वेळच मिळत नाही, काम मनगटाचं आणि बोटांचं असतं.

सात्त्विकसाईराज रंकिरेड्डी आणि आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी यांचे सामने बघा. सात्त्विकच्या स्मॅशची ताशी ५६५ किलोमीटर वेगाची नोंद २०२३ साली झाली आणि सगळीकडे तीच चर्चा झाली. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत या जोडीने सुवर्णपदक मिळवलं, आशियाई क्रीडा स्पर्धांमधलं बॅडमिंटनचं भारताचं पहिलंच. पण नवख्याने बघावं ते चिराग नेटजवळ उभा असताना. त्याची रॅकेट खाली लोंबत नाही. फटका झाला की दुसऱ्या क्षणी ती वर, अंगापुढे, तयार. आपल्याला त्याच्यासारखं खेळता येणार नाही हे उघड आहे. पण रॅकेट वर धरून ठेवायची सवय लागायची तर ती दहाव्या मिनिटाला हाताला जड होता कामा नये.

आधी दोन दिवस स्वतःकडे बघा

दुकानात जाण्याआधी बाकावर बसलेल्या एखाद्याला सांगा, "माझ्या दहा रॅली बघ आणि मी कुठे चुकतोय ते सांग." कागदावर तीनच रकाने काढायचे: मागून मारताना, नेटजवळ, आणि बचाव करताना. आमच्या गटात हे केलं तेव्हा जवळजवळ सगळ्या नवख्यांच्या रेघा शेवटच्या दोन रकान्यांत पडल्या. मागून मारलेला स्मॅश कमी जोराचा होता म्हणून गेलेले गुण फारच थोडे होते.

"मी मागे खेळतो, ती पुढे खेळते" असं पुष्कळ जोड्या ठरवून टाकतात. पण हल्ला करताना एक पुढे, एक मागे आणि बचावात दोघं शेजारी-शेजारी, अशी जागा रॅलीत सारखी बदलत असते. त्यामुळे सुरुवातीला पुढच्या किंवा मागच्या जागेसाठी खास रॅकेट घेऊ नये, दोन्हीकडे चालेल अशी घ्यावी. अपवाद मिक्स डबल्सचा, किंवा साठीतले काका आणि कॉलेजातला मुलगा अशा जोडीचा. तिथे एक जण खरोखरच बहुतेक वेळ पुढे असतो. त्याने हलक्या डोक्याची रॅकेट बिनधास्त घ्यावी.

तोल: सगळ्यात आधी हेच तपासा

रॅकेटचा शाफ्ट एका बोटावर आडवा ठेवा आणि ती दोन्हीकडे न झुकता स्थिर राहते तो बिंदू शोधा. हँडलच्या बुडापासून तिथपर्यंतचं अंतर टेपने मोजा. गटिंग (जाळीच्या तारा) आणि वरची ग्रिप नसलेल्या रॅकेटचं हे अंतर साधारण २८५ मिलिमीटरपेक्षा कमी भरलं तर ती हेड लाइट (हलक्या डोक्याची), २८५ ते २९५ च्या दरम्यान असेल तर इव्हन बॅलन्स (समतोल), आणि त्याहून जास्त असेल तर हेड हेवी (जड डोक्याची). गटिंग झालं की बिंदू सेंटिमीटरभर डोक्याकडे सरकतो, ओव्हरग्रिप (हँडलवर गुंडाळायची वरची पट्टी) गुंडाळली की जवळपास तेवढाच परत हँडलकडे येतो. म्हणून दोन रॅकेटची तुलना करताना दोन्ही एकाच अवस्थेत हव्यात. एक कोरी आणि एक तयार अशी तुलना करून काही उपयोग नाही.

डबल्ससाठी नवख्याने इव्हन बॅलन्स किंवा किंचित हेड लाइट घ्यावी, हे माझं स्पष्ट मत. हेड हेवी रॅकेटने मागून मारताना वजनाची मदत होते हे खरं, पण तेच वजन दिशा बदलताना आडवं येतं. फोअरहँडला आलेलं फूल परतवून रॅकेट बॅकहँडला न्यायची तर डोकं थांबवायला हवं, मग उलटं फिरवायला हवं. ते काम मनगट आणि कोपर करतात.

दुकानात करायची एक साधी परीक्षा आहे. रॅकेट छातीसमोर धरा आणि हवेत आडवा मराठी चार काढल्यासारखी फोअरहँड-बॅकहँड, फोअरहँड-बॅकहँड अशी तीस सेकंद भरभर फिरवा. खांदा हलवायचा नाही, फक्त मनगटाखालचा हात. पंधराव्या सेकंदाला वेग मंदावला किंवा रॅकेटचं डोकं खाली यायला लागलं, तर ती तुमच्यासाठी नाही. आधी जड वाटणारी, मग हलकी, मग पुन्हा जड अशी फिरवून बघा. हात खोटं सांगत नाही.

कंपन्यांच्या मालिकांवरूनही अंदाज येतो. योनेक्सची नॅनोफ्लेअर मालिका हलक्या डोक्याची, अ‍ॅस्ट्रॉक्स जड डोक्याकडे झुकलेली, आर्कसेबर मधली. व्हिक्टरची ऑरास्पीड वेगासाठी, थ्रस्टर जोरासाठी. योनेक्सने तर अ‍ॅस्ट्रॉक्स ८८ एस आणि ८८ डी ही जोडीच काढली आहे, पहिली पुढे खेळणाऱ्यासाठी आणि दुसरी मागून मारणाऱ्यासाठी. त्या दोन्हींच्या वरच्या श्रेणीतल्या रॅकेट नवख्यासाठी मात्र कडक पडतात. मालिकेचं नाव वाटाड्यासारखं वापरा, निकाल बोटावरच्या तोलाने आणि तीस सेकंदांनी लावा.

वजन

रॅकेटच्या शाफ्टच्या तळाशी, कोनवर (हँडलच्या वरच्या निमुळत्या टोपीवर), बारीक अक्षरात ४यू जी५ असं काहीतरी छापलेलं असतं. यातला यू म्हणजे वजनाचा गट: ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू म्हणजे ७५ ते ७९. आकडा वाढला की वजन घटतं, आणि पुष्कळ जण इथेच फसतात. हे वजन गटिंग आणि वरच्या ग्रिपशिवायचं असतं.

डबल्ससाठी ४यू घ्या. खांद्याचा किंवा कोपराचा जुना त्रास असेल, किंवा मनगट नाजूक असेल, तर ५यू. हल्ली ७२ ग्रॅमच्या आसपासच्या रॅकेटही मिळतात आणि हातात घेतल्यावर मोह होतो, पण मागच्या रेषेवरून फूल पलीकडच्या मागच्या रेषेपर्यंत ढकलायचं तर नवख्याला तिथे जास्त जोर काढावा लागतो. जोरदार स्मॅश अडवताना फारच हलकी रॅकेट हातात हेलकावतेही.

वजन आणि तोल एकत्रच बघायचे असतात. ४यूची हेड हेवी रॅकेट ३यूच्या हेड लाइटपेक्षा हाताला जड लागू शकते. वजन हातापासून जितकं दूर, तितकं ते फिरवायला अवघड. विहिरीवर पोहरा ओढलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

शाफ्ट किती लवचीक

शाफ्ट कडक असला की वेगाने फिरणाऱ्या हाताला चटकन, नेमका प्रतिसाद मिळतो. हात तेवढा वेगाने फिरत नसेल तर शाफ्ट वाकतच नाही आणि सगळा धक्का कोपराकडे येतो. लवचीक शाफ्ट कमी वेगातही वाकून परत उसळतो आणि फूल पुढे जातं. नवख्याने मध्यम लवचीक शाफ्ट घ्यावा. वर्षभर नियमित खेळून ड्राइव्ह सपाट आणि जोरात जायला लागले की मग कडक शाफ्टचा विचार करायला हरकत नाही. "एक्स्ट्रा स्टिफ" लिहिलेलं दिसलं तर खाली ठेवा.

घ्यायची ती अखंड ग्रॅफाइटची. फ्रेम आणि शाफ्ट जिथे मिळतात तिथे धातूचा वेगळा सांधा दिसत असेल तर ती गच्चीवर खेळायची रॅकेट आहे, हॉलमधल्या खेळासाठी नाही.

हँडल आणि ग्रिप

कोनवरचा जी म्हणजे हँडलची जाडी. योनेक्स आणि व्हिक्टरमध्ये जी५ हे जी४ पेक्षा बारीक असतं. इतर काही कंपन्यांची मोजणी निराळी आहे, त्यामुळे आकड्यापेक्षा मूठ बघा. रॅकेट नेहमीसारखी धरल्यावर बोटांची टोकं आणि तळव्याचा गादीसारखा भाग यांत एक बोट मावेल एवढी फट राहायला हवी.

डबल्समध्ये पकड सारखी बदलावी लागते. अंगठा हँडलच्या रुंद बाजूवर टेकवला की बॅकहँड, तो सरकला की फोअरहँड, आणि हे सगळं फूल हवेत असताना. जाड हँडलवर बोटं अडकतात. म्हणून शंका असेल तर बारीक घ्या. ओव्हरग्रिप गुंडाळून जाडी वाढवता येते, हँडल तासून कमी करता येत नाही.

नवख्यांना फार उशिरा कळणारी आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. नेटजवळ उभं असताना हात वर सरकवा, कोनला तर्जनी टेकेल इतका. रॅकेट तेवढीच, पण फिरवायला आखूड आणि हलकी होते. मागे गेलात की हात पुन्हा खाली. ओव्हरग्रिप गुंडाळताना ती कोनवर थोडी चढवून घ्या, म्हणजे वर धरल्यावर बोटं घसरत नाहीत.

घरात आधीच हेड हेवी रॅकेट असेल तर आणखी एक ओव्हरग्रिप चढवून बघा. तोल थोडा हाताकडे येतो आणि रॅकेट सुसह्य होते. डोक्याचं वजन काही त्याने कमी होत नाही, पण नवीन घेईपर्यंत निभावतं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ग्रिप वाळतच नाही. तेव्हा दर दोन आठवड्यांनी ती बदला आणि खेळून आल्यावर रॅकेट कव्हरच्या बाहेर काढून ठेवा. ओल्या ग्रिपवर मूठ आवळली जाते, आणि आवळलेली मूठ कोपराला महाग पडते.

गटिंग: रॅकेटपेक्षा कमी पैशात जास्त फरक

चार हजारांची रॅकेट घेऊन कारखान्यातून आलेल्या ढिल्या गटिंगवर वर्षभर खेळणारे मी पुष्कळ बघितले आहेत. रॅकेट घेताना गटिंगचे पैसे वेगळे धरा. दुकानदार विचारेल, "किती पौंड?" आणि बहुतेक नवखे गोंधळून म्हणतात, "चांगलं टाइट करा."

तसं सांगू नका. २२ ते २४ पौंड सांगा. ताण जितका कमी, तितका मधला चांगला लागणारा भाग मोठा आणि फूल कमी जोरातही लांब जातं. अंगावर आलेला स्मॅश घाईत, फ्रेमच्या बाजूला लागला तरी तो पलीकडे पोचतो, आणि डबल्सच्या बचावात निम्मे फटके असेच लागतात. २७-२८ पौंडांवर मधोमध लागलं तर आवाज कडक येतो, जरा बाजूला लागलं की फूल नेटमध्ये आणि हिसका कोपरात. शेजारच्या कोर्टावरचा "टणत्" आवाज ऐकून ताण वाढवू नये. फ्रेमवर छापलेली कमाल मर्यादा तर कधीच ओलांडू नये.

जाडीही सांगा. ०.७० मिलिमीटरची बीजी ६५ ही योनेक्सची स्ट्रिंग टिकाऊ आहे, हौशी गटांमध्ये वर्षानुवर्षं चालत आली आहे, नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. ०.६५ किंवा त्याहून बारीक स्ट्रिंगवर फूल जास्त उसळतं आणि हाताला सुखद लागतं, पण फ्रेमजवळ फटका लागला की तुटते, आणि नवख्याचे फटके फ्रेमजवळ लागतातच. आठवड्यातून तीन-चार दिवस खेळत असाल तर गटिंग तुटलं नसलं तरी चार-पाच महिन्यांनी बदलून घ्या. ताण हळूहळू उतरतो आणि उतरताना कळत नाही. क्लिअर (मागून मागे मारायचे उंच, लांब फटके) मागच्या रेषेपर्यंत जाईनासे झाले की आपण स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

किती पैसे घालायचे

डबल्समध्ये रॅकेटवर रॅकेट आपटते. मधल्या फुलासाठी दोघंही धावतात, "माझं!" म्हणायचं राहून जातं, आणि खाड्कन आवाज येतो. फ्रेमला केसाएवढा तडा गेला तरी पुढच्या गटिंगच्या वेळी मशीनवर ताण आला की ती मोडते. असं मोडणं सहसा वॉरंटीत बसत नाही. सिंगल्सवाल्याला ही भीती नसते.

म्हणून पहिल्या वर्षी बारा-पंधरा हजारांच्या रॅकेटच्या वाटेला जाऊ नका. अडीच ते साडेचार हजारांत मध्यम शाफ्टच्या, ४यू, अखंड ग्रॅफाइटच्या चांगल्या रॅकेट मिळतात. हाताशी सहा-सात हजार असतील तर त्यात एकाच मॉडेलच्या दोन घ्या. दोन्हींवर एकाच ताणाचं गटिंग, एकाच जाडीची ग्रिप. एकीचं गटिंग मॅचमध्ये तुटलं तर दुसरी हातात घेताना काहीच वेगळं वाटत नाही.

घ्या ती अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासकट. नामांकित मॉडेलच्या नकला बाजारात भरपूर आहेत आणि रंगावरून त्या ओळखू येत नाहीत. निम्म्या किमतीत वरच्या श्रेणीतली रॅकेट कुणी देत असेल तर तिथून निघा.

विकत घेण्याआधी कोर्टावर

हॉलवर कुणाकडे तेच मॉडेल असेल तर मागून घ्या. बॅडमिंटनवाले या बाबतीत उदार असतात, "दादा, दोन मिनिटं बघू का?" म्हटलं की रॅकेट हातात येते. घेतली की स्मॅश मारत सुटू नका. जोडीदाराला नेटच्या पलीकडे अर्ध्या कोर्टावर उभं करा, त्याच्या हातात वीस फुलं द्या आणि सांगा, "माझ्या अंगावर मार, जरा जोरात." उजव्या कमरेवर, पोटावर, डाव्या खांद्यावर, आलटून पालटून. किती परत गेली ते मोजा. मग तुमच्या आताच्या रॅकेटने तेच वीस. माझ्या जोडीदाराने माझ्यावर हे केलं तेव्हा जुन्या रॅकेटने आठ परत गेली होती, त्याच्या हलक्या रॅकेटने तेरा.

त्यानंतर दहा लहान सर्व्हिस टाका, आणि मग मागच्या रेषेवरून पाच क्लिअर. क्लिअर पलीकडे निम्म्यातच पडत असतील तर रॅकेट तुमच्यासाठी जरा जास्तच हलकी किंवा कडक आहे. थोडी जड किंवा थोडी लवचीक बघा.

घेतल्यानंतर

पहिले दोन आठवडे काहीच बदलू नका. नव्या तोलाची हाताला सवय व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि सुरुवातीला सर्व्हिस नेटमध्ये गेल्या म्हणून रॅकेट वाईट ठरत नाही. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत ती ठेवू नका, गटिंग ढिलं पडतं.

कोर्टावर गटिंगची एक तार तुटली की रॅकेट तशीच पिशवीत टाकायची नाही. फ्रेमवर चारी बाजूंनी सारखा ताण असतो, एक तार गेली की एका बाजूची ओढ सुटते आणि फ्रेम हळूहळू वाकडी होते. पिशवीत छोटी कात्री ठेवा. मधोमधच्या उभ्या आणि आडव्या तारांपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, एकदा उभी, एकदा आडवी, असं करत सगळ्या तारा तिथल्या तिथे कापून टाका. हे काम मिनिटभरात होतं. मग दुसरी रॅकेट काढा, जोडीदार सर्व्हिससाठी थांबलेला असतो.